हॉटेलातल्या दारांचं गाणं

माझा नवरा दारात अडकतो. कुठल्याही दारात. स्वयंपाकघराच्या, बाथरूमच्या, दुकानाच्या, लिफ्टच्या. हॉलमधून नीट चालत येतो आणि जिथे लाकडी जमीन संपून लिनोलियमची फरशी सुरू होते तिथे त्याचे पाय खिळल्यासारखे थांबतात. वरचं अंग पुढे जायला बघतं, पाय मागेच. पार्किन्सन्स झालेल्या बऱ्याच लोकांचं असं होतं, डॉक्टर त्याला फ्रीझिंग म्हणतात. तो स्वतः हाडांचा सर्जन होता. इथे इंग्लंडात, बेसिंगस्टोकमधल्या कितीतरी म्हाताऱ्यांना त्याने नवे गुडघे बसवून चालतं केलं, त्यामुळे हा शब्द त्याला माझ्या आधीपासून माहीत होता. माहीत असून उपयोग शून्य. लिहिताना त्याला 'तो' म्हणते आहे, समोर मात्र लग्न झाल्यापासून 'अहो'च.

मी डॉक्टर नाही. इथल्या बिझनेस पार्कमधल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टर होते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळायचा. रिटायर झाल्यावर पगार थांबला, काम चालूच आहे. अडकलेल्या नवऱ्याच्या मागे उभी राहून मी सुरुवातीला तेच करायची. "अहो, उजवा पाय उचला. उजवा. तो डावा झाला." जितकं सांगावं तितका तो जास्तच चिकटायचा. एकदा वैतागून मी हाताला धरून ओढलं तर दोघंही पडता पडता वाचलो. मग दोघांनी एकमेकांवर यथेच्छ आरडाओरडा केला, आणि त्या भांडणाच्या भरात तो दारातून आत कधी आला हे दोघांनाही कळलं नाही. पण रोज बाथरूमला जाण्यासाठी भांडायचं म्हणजे फारच झालं.

घरी येणाऱ्या फिजिओने सांगितलं, तालावर चालवून बघा. आपोआप पाय उचलण्याची मेंदूतली वाट बंद झाली की तालाची आडवाट कधीकधी उघडी असते. त्यांना आवडतं ते संगीत लावा, असंही ती म्हणाली. तिला बिचारीला काय माहीत. माझ्या नवऱ्याला आवडतो विलंबित ख्याल. त्याच्यावर पावलं टाकत माणूस स्वयंपाकघरात पोचेपर्यंत वाढलेलं ताट थंडगार होईल. मग मी नाट्यपदं लावली. तान आली की हा जागच्या जागी उभा राहून मान डोलवायचा, म्हणजे अडकला नव्हता तोही थांबला. शेवटी मी फोनवर लष्करी बँड लावला, तर म्हणाला, "मी काय परेडला निघालोय? बंद कर ते."

या सगळ्याची खबर मिल्टन कीन्सला जात होती, कारण तिथे त्याचा मित्र राहत असे. मी त्यांना भाऊजी म्हणायची. दोघं एकाच मेडिकल कॉलेजातले, एकाच सुमारास इंग्लंडला आलेले, पहिल्या नोकरीत हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये शेजारच्या खोल्यांत राहिलेले. भाऊजी भूलतज्ज्ञ होते. पुढे काही वर्षं दोघं एकाच ऑपरेशन थिएटरमध्येही होते. एकाने माणसाला झोपवायचं आणि दुसऱ्याने करवत चालवायची, आणि मधल्या वेळात दोघांनी वाद घालायचा, अशी ती मैत्री. वादाचा कायमचा विषय म्हणजे भाऊजींचं वेड. त्यांना हॉलिवूडचे जुने, स्टुडिओंच्या जमान्यातले नाचगाण्यांचे विनोदी चित्रपट आवडायचे. क्वार्टर्समधल्या टीव्हीवर रविवारी दुपारी ते लागत आणि भाऊजी इतर कोणाला चॅनेल बदलू देत नसत.

"रस्त्यात चालता चालता माणूस एकदम गायला का लागतो? मागे वाजवणारे कुठून येतात?" नवरा विचारायचा.

"तुझ्या संगीत नाटकातला राजा मरता मरता दोन पदं म्हणतो, तेव्हा नाही विचारत तू," भाऊजी म्हणायचे. पुढच्या वेळी नवरा तोच प्रश्न परत विचारायचा.

तर भाऊजी एका शनिवारी मिल्टन कीन्सचे ते सगळे राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, पार करून आमच्याकडे आले ते एक डीव्हीडी घेऊन. सोबत बायको आणि तिने केलेल्या सुरळीच्या वड्या. "वहिनी, टीव्ही लावा," ते म्हणाले. "याला नाच दाखवायचाय."

"मला चालता येत नाही आणि तू नाच दाखव," नवरा म्हणाला. पण बसला.

चित्रपट काळा-पांढरा, आम्हा सगळ्यांच्या जन्माआधीचा. एक कफल्लक नाचणारा तरुण एका भपकेबाज हॉटेलात शिरतो आणि तिथले लोक त्याला कोट्यधीश समजतात. मुलगी असते ती खरंच कोट्यधीशाची, पण स्वतःला टायपिस्ट म्हणवते. एक मावशी असते जी कोणाचंच ऐकून घेत नाही, आणि एक वेटर असतो जो हातातलं सगळं पाडतो. त्या तरुण-तरुणीपैकी एकाने तोंड उघडून खरं सांगितलं असतं तर पहिल्या पाच मिनिटांत लग्न लागलं असतं. मी तसं म्हणालेही.

"खरं सांगितलं तर मग नाचायचं कधी, वहिनी?" भाऊजी म्हणाले.

मग त्यांनी मला ते चित्रपट कसे बनत ते सांगायला सुरुवात केली. तो म्हणे कारखानाच होता. नट, गाणी लिहिणारे, शिंपी, सुतार, सगळे स्टुडिओचे पगारी नोकर. चंद्र सुतारखात्यातून यायचा. ती काळी चकचकीत फरशी प्रत्येक शॉटनंतर पुसून काढायची, कारण बुटांचे ओरखडे कॅमेऱ्यात दिसत. आणि बुटांची टकटक पुष्कळदा नंतर वेगळी रेकॉर्ड करून चिकटवलेली असे. मला हे ऐकायला चित्रपटापेक्षा बरं वाटलं. काम कसं चालतं ते कळलं की मला कशातही रस वाटतो.

तेवढ्यात ते गाणं आलं. हॉटेलचा लांबलचक कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना पांढरी दारं. नायक मुलीला शोधत एका दारातून आत जातो आणि समोरच्याच दारातून बाहेर येतो, दर वेळी डोक्यावर वेगळी टोपी. पाय सतत टकटक, टकटक. त्याच्या मागे वेटर, वेटरच्या मागे मावशी. बाकी अर्थ काही नाही.

"हा पोरकटपणा मला बघवत नाही," असं म्हणून नवरा उठला आणि खोलीबाहेर गेला. आम्ही टीव्हीकडेच बघत होतो. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून किटलीचं बटण दाबल्याचा आवाज आला. मी भाऊजींकडे बघितलं, भाऊजींनी माझ्याकडे. स्वयंपाकघरात पोचायला त्याला दोन दारं ओलांडावी लागली होती आणि मधे कोणी ओरडलंही नव्हतं.

गाणं संपलं. चहाचा मग घेऊन परत येताना तो स्वयंपाकघराच्या दारात अडकला. भाऊजींनी रिमोट उचलला, गाणं मागे नेऊन परत लावलं आणि आवाज वाढवला. नवरा चालत आला, खुर्चीत बसला.

"योगायोग," तो म्हणाला.

"बरं," भाऊजी म्हणाले आणि सुरळीची वडी तोंडात टाकली.

योगायोगावर विश्वास ठेवला असता तर मला कंपनीने एक दिवस ठेवलं नसतं. पुढचे काही दिवस मी रीतसर टेस्टिंग केलं. गाणं लावून, गाणं न लावता. सकाळी, दुपारी, गोळीच्या आधी, गोळीच्या नंतर. त्याच चित्रपटातली दुसरी गाणी लावून. चालला फक्त दारांच्या गाण्यावर. का, ते कोणी सांगू शकलं नाही. नवऱ्याला तर त्या गाण्याचा रागच येत होता, आणि मला वाटतं की रागाचाही थोडा उपयोग होत असावा.

एक दोष मात्र निघाला. चित्रपटात पाठलाग जोरात येतो तसं शेवटी गाणं पळायला लागतं. त्याबरोबर नवराही पळायला लागला, बारीक बारीक पावलं टाकत, आणि जिन्याच्या कठड्याने त्याला वाचवलं. फिजिओ म्हणाली, रेकॉर्ड बंद. तुम्हीच गा, त्यांच्या वेगाने.

आता, माझा गळा. लग्न ठरवताना मुलीला गाणं येतं का असं विचारलं होतं आणि माझ्या वडिलांनी 'मुलगी प्रामाणिक आहे' असं उत्तर दिलं होतं. त्यात ते इंग्रजी शब्द इतके भराभर येतात की मला एकही धड कळला नव्हता. पण चाल डोक्यात बसली होती. शब्द हवे होते, दोन-दोन ठोक्यांचे. पहिल्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात घाईघाईने तोंडात आले ते असे: भेंडी, गवार, तोंडली, दोडका. डावा, उजवा, डावा, उजवा. नवरा चालू लागला. मग तेच कायम झालं. बदलून बघितलं, पालक-मेथी चाललं नाही.

त्या दिवसापासून ख्यालाचे सूर कानात मुरवलेला हा माणूस माझ्या बेसूर भाज्यांवर जगतो आहे. सुपरमार्केटच्या दारात मी भेंडी-गवार म्हणते, लोकांना वाटतं आम्ही खरेदीची उजळणी करतो आहोत. आमची मुलगी हॅरोला राहते. तिच्याकडे गेलो तेव्हा स्टेशनवर गाडीत चढताना तो अडकला, मागे रांग. मी मुलीकडे बघितलं. ती म्हणाली, "आई, जस्ट डू इट. तू तो गाणं म्हण. नोबडी केअर्स." मी म्हटलं, आम्ही चढलो. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वे लाइनवर खरंच कोणी मान वर करून बघत नाही.

भाऊजी दर रविवारी फोन करत. "चालतोयस का?" "ठीक आहे," एवढंच नवरा सांगायचा. त्यांच्या गाण्याने चालतोय हे त्याने एकदाही कबूल केलं नाही. मग फोन माझ्याकडे यायचा आणि मी सगळं सविस्तर सांगायची, भाज्यांसकट. भाऊजी इतके हसायचे की मागून त्यांची बायको विचारायची, काय झालं.

या वर्षी वसंतात एका सकाळी त्यांच्या बायकोचा फोन आला. भाऊजी बागेत कुंड्या हलवत होते, तिथेच बसले आणि गेले. हार्ट. मी फोन ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं. तो खुर्चीचे हात धरून उठून उभा राहिला. मग म्हणाला, "मी चालत जाणार."

मला आधी कळलं नाही. मी म्हटलं, "कुठे?"

"त्याच्यापाशी. शेवटचं. वीलचेअर नको." मग पुढे म्हणाला, "त्याने मला चालवलं, आणि मी त्याच्यासमोर चाकांवर बसून जाऊ?"

इथे अंत्यसंस्काराला लगेच तारीख मिळत नाही, थांबावं लागतं. थांबण्याच्या त्या दिवसांत तो रोज हॉलमध्ये सराव करायचा. जेवणाच्या खुर्च्या दोन्ही बाजूंना लावून मी मधून अंत्यसंस्काराच्या हॉलमधल्या बाकांमध्ये असते तशी वाट केली. मी गायची आणि तो चालायचा. मला मधेच रडू यायचं. रडत रडत भेंडी-गवार म्हणता येत नाही, हुंदका आला की ठोका चुकतो आणि तो थबकतो. म्हणून मी रडणं जेवणानंतरसाठी ठेवायची.

जायच्या दिवशी गाडीत, मुलगी गाडी चालवत असताना, मला खरी भीती वाटायला लागली. तिथे सगळं महाराष्ट्र मंडळ येणार. मिल्टन कीन्सचे, लंडनचे, सगळे डॉक्टर, त्यांच्या बायका, गुरुजी. समोर भाऊजी, बाजूला त्यांची बायको पांढऱ्या साडीत. आणि मी तिथे तोंडली-दोडका म्हणणार? मी ठरवलं की चाल तीच ठेवायची आणि फक्त शब्द बदलायचे. राम राम, राम राम. प्रसंगाला शोभेल, ठोकेही बरोबर बसतात. दुसऱ्यांना ज्याबद्दल मी आयुष्यभर बोल लावले तेच मी केलं, टेस्ट न करता थेट लाइव्ह गेले.

क्रेमेटोरियमचा हॉल भरला होता. प्रत्येकाला तिथे ठरलेली वेळ मिळते, आमच्या आधीचे लोक बाजूच्या दाराने बाहेर पडत होते आणि आमच्या नंतरच्यांच्या गाड्या कार पार्कमध्ये लागायला लागल्या होत्या. गुरुजींनी थोडक्यात आवरलं. भाऊजींचा मुलगा बोलला. मग सगळ्यांनी एकेक करून पुढे जायचं, फुलं वाहायची, उघड्या शवपेटीला प्रदक्षिणा घालून बाजूने बाहेर पडायचं. शेवटी पेटी भट्टीत सरकवायचं बटण मुलगा दाबणार. काळा कोट घातलेला तिथला व्यवस्थापक माझ्या नवऱ्याची थरथर बघून हळूच वीलचेअर घेऊन आला. नवऱ्याने मान हलवून नाही म्हटलं. आम्ही सगळ्यात शेवटी जायचं ठरवलं होतं, म्हणजे मागे कोणाचा खोळंबा नको.

बाकांमधून तो चांगला गेला. मी मागे, अगदी हलक्या आवाजात राम राम. पुढे जिथे गालिचा संपतो आणि दगडी फरशी सुरू होते तिथे तो थांबला. मी राम राम म्हणत राहिले. पाय हलेनात. मी जरा मोठ्याने म्हटलं. काही नाही. समोर काही पावलांवर भाऊजी. फुलं वाहून झालेले लोक बाहेर न जाता भिंतीशी उभे राहिले होते, सगळे आमच्याकडे बघत होते. व्यवस्थापकाने वीलचेअर परत आणायला सुरुवात केली. नवऱ्याने मागे वळून बघितलं नाही, त्याला वळता येत नव्हतं. पण त्याचे खांदे मला दिसत होते. रडताना त्याचे खांदे असे होतात हे माझ्याशिवाय त्या हॉलमध्ये एकाच माणसाला माहीत असेल, आणि तो पेटीत होता.

मग मी लाज सोडली. चांगल्या खणखणीत आवाजात, माझ्या त्या बेसूर गळ्यात म्हटलं, "भेंडी, गवार, तोंडली, दोडका."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. कोणीतरी खोकलं. नवऱ्याचा डावा पाय उचलला गेला आणि दगडी फरशीवर पडला. मग उजवा. मी म्हणत राहिले, तो चालत राहिला. भाऊजींची बायको डोळ्यांना पदर लावून बसली होती. ती रडत होती की हसत होती ते मला सांगता येणार नाही, मला वाटतं दोन्ही.

तो पेटीपाशी पोचला. मी गाणं थांबवलं आणि तिथेच, दोन पावलं मागे थांबले. त्याने एक हात पेटीच्या काठावर ठेवला. दुसऱ्या हातातलं तुळशीचं पान त्याने भाऊजींच्या ओठांवर ठेवलं. मग तो त्यांच्याशी काहीतरी बोलला. काय ते मला ऐकू आलं नाही आणि मी पुढे विचारलंही नाही.

बोलणं संपलं तरी तो तिथेच उभा होता. व्यवस्थापकाने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या बाजूला येऊन अगदी सभ्यपणे कुजबुजला की मॅडम, तुमच्या मिस्टरांना मदत लागेल का, ते अडकलेत का. बाहेर पुढची मंडळी आली आहेत. भिंतीजवळून मुलगीही खुणावत होती, आई, म्हण ना.

मी म्हटलं नाही. तो अडकला होता की नुसता उभा होता, हे मला मागून कळत नव्हतं, आणि मला कळून घ्यायचंही नव्हतं. एवढं मात्र पक्कं माहीत होतं की मी पहिला शब्द उच्चारला की त्याचे पाय उचलले जाणार आणि मग त्याला तिथून निघावं लागणार. मी गप्प असेपर्यंत त्याला कोणी हलवू शकत नव्हतं. लोक थांबोत, गाड्या थांबोत. मी व्यवस्थापकाला सांगितलं, हो, अडकलेत, जरा वेळ लागेल.

तो तसा किती वेळ उभा होता कोण जाणे. शेवटी त्याने काठावरचा हात काढला आणि मागे न बघता म्हणाला, "अगं, म्हण आता."

मी सुरू केलं, आणि तो मित्राकडे पाठ करून चालू लागला.